मागच्या रांगेलाही दिसेल असा तुटला-जुळला दोरा

घराच्या ओटीवर दहा-बारा जण दाटीवाटीने बसलेले असले, की तुटला-जुळला दोरा हा प्रयोग हमखास रंगतो. रिळातला साधा दोरा, त्याचे तुकडे, तुकड्यांची गोळी आणि त्या गोळीतून निघणारा अखंड दोरा. सामान इतकं थोडं आणि परिणाम इतका मोठा असा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही. पण तोच प्रयोग शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मंडपात किंवा जत्रेतल्या रंगमंचावर नेला, की चौथ्या रांगेपासून मागे बसलेल्यांना फक्त हात हलवणारा माणूस दिसतो. मग मागून आवाज येतो, “आमकां कायच दिसूक नाय!” आणि ते खरंच असतं.

बहुतेक नवखे यावर एकच उपाय करतात, जाड दोरा घेतात. त्याने अर्धंच काम होतं. मागच्या रांगेला दोऱ्याची जाडी दिसण्यापेक्षा त्याचं तुटणं समजणं जास्त गरजेचं आहे. पुढचं सगळं त्या दृष्टीने वाचा.

आधी मूळ प्रयोग

ज्यांनी हा कधीच केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच जातीचे, एकाच लांबीचे दोन दोरे लागतात. एक प्रेक्षकांना दिसतो. दुसऱ्याची बारीक गुंडी करून ती डाव्या हाताच्या अंगठ्यामागे, तर्जनीच्या बाजूला धरून ठेवायची. दिसणारा दोरा तोडायचा, तुकडे एकत्र करून गुंडाळायचे आणि ती गोळी लपवलेल्या गुंडीला पुढून टेकवायची. दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत, चोळत हा जोड अर्ध्या फेऱ्याने फिरवला की पुढची गोळी मागे जाते आणि मागची गुंडी पुढे येते. दोन्हींचा रंग एकच असल्याने प्रेक्षकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोळी दिसते. आता गुंडीची दोन टोकं धरून सावकाश ओढायची. तुकड्यांची गोळी अंगठ्यामागेच राहते.

हा भारतातला जुना प्रयोग, पाश्चात्त्य जादूगारांत तो ‘हिंदू थ्रेड’ म्हणून ओळखला जातो. शिकागोचे युजीन बर्जर (1939–2017) तो संथ निवेदनासह, अगदी जवळ बसलेल्या प्रेक्षकांसमोर करत. त्यांचा प्रयोग पाहून शिकण्यासारखं खूप आहे, पण एक लक्षात ठेवा, तिथली जवळीक आपल्याला पटांगणावर मिळणार नाही. ती दुसऱ्या मार्गाने मिळवावी लागते.

डोळ्याला लांबून काय दिसतं

निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर लागतं. वीस मीटरवर हे अंतर जवळजवळ सहा मिलिमीटर होतं. म्हणजे वीस मीटरवर बसलेल्या माणसाला एक मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याची दोन टोकं तुम्ही बोटाच्या पेरात जवळजवळ धरलीत, तर ती जोडलेली आहेत की सुटी, हे त्याला कळणारच नाही.

पण लांब, सरळ रेषेचं गणित वेगळं आहे. रस्त्याकडेच्या खांबांवरच्या विजेच्या तारा बारीक असूनही आकाशाच्या पार्श्वभूमीवर कितीतरी लांबून दिसतात. ताणलेली लांब रेषा, मागे विरुद्ध रंग, एवढं असेल तर डोळा एक मिलिमीटरची रेषाही वीस मीटरवरून पकडतो. यावरून प्रयोगाचे तीन नियम आपोआप निघतात. दोरा नेहमी ताणलेला दाखवा, लोंबकळता नको. तुकडे थोडे आणि लांब ठेवा. आणि तुटण्याच्या क्षणी दोन टोकांमध्ये निदान हातभर अंतर झालंच पाहिजे.

ओटीवर आठ-दहा तुकडे शोभतात. मंडपात चारच करा. एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी (मोठ्या माणसाची साधारण दीड ते पावणेदोन मीटर) घेतली, तर चार तुकड्यांतला प्रत्येक चाळीसेक सेंटिमीटरचा होतो. तो मागून दिसतो. आठ केले तर वीस सेंटिमीटरचे तुकडे मुठीतच विरून जातात.

दोरा कोणता घ्यावा

माझी पहिली पसंती वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या सुताला. पूजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात, अगदी आडगावातही, ते मिळतं. पीळ सैल, चमक नाही, हिसका दिला की तुटतं. एकेरी सूत मात्र फार बारीक. चार पेड एकत्र घ्या, दोन्ही टोकं दोघांनी धरून अगदी हलका पीळ द्या आणि टोकांना गाठ न मारता ओल्या बोटांनी चोळून घ्या. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, मऊ, पांढरीशुभ्र दोरी तयार होते. जोरात पीळ देऊ नका. सुताची ताकद पिळातच असते. पीळ वाढवलात तर तुमचीच बोटं कापतील. दुकानागणिक सूत बदलतं, म्हणून प्रत्येक नवी गुंडी आणल्यावर आधी तोडून पाहा.

चार पेड हाताने तुटतात, सहा पेड बहुतेकांना जड जातात. सहाच हवे असतील तर शिंप्याची मोठी कात्री वापरा. कात्री लांबूनही स्पष्ट दिसते, हा तिचा फायदा. तरी मला हातानेच तोडलेलं आवडतं. कात्री पाहिली की प्रेक्षकाचं लक्ष कात्रीवर जातं, मग तो कात्रीतच काहीतरी खोट शोधत बसतो.

कोकणात हाताशी असलेले बाकीचे दोरे बहुतेक निरुपयोगी. जाळ्याचा नायलॉन दोरा आणि गवंड्याची लाइनदोरी हाताने तुटत नाही, बोट मात्र चिरतं. काथ्याचं सुंभ दिसतं छान, पण तोडायला कोयता लागेल आणि त्याची गुंडी अंगठ्यामागे मावणार नाही. विणकामाची बाजारातली लोकर बहुधा अॅक्रिलिकची, ती ताणते, तुटता तुटत नाही.

मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा नाडा दिसायला आणि तोडायलाही चांगला. पण तो मी वापरत नाही. कारण पुढे येईल.

तुमचा सदरा हाच पडदा

नवखे जादूगार मागच्या पडद्यावर खर्च करतात आणि स्वतः पांढरा झब्बा घालून उभे राहतात. दोरा असतो छातीसमोर! म्हणजे प्रेक्षकाच्या दृष्टीने दोऱ्यामागे तुमचे कपडे आहेत. पांढऱ्या सुतासाठी काळा, गडद निळा किंवा गडद तपकिरी सदरा घाला. एकरंगी. चौकडा नको, भरतकाम नको, चमकणारी बटणं नकोत, गळ्यातली साखळी आत टाका. जाकीट घालायचं असेल तर त्याच गडद रंगाचं.

हात पूर्ण पसरले की दोरा अंगाच्या रुंदीबाहेर जातो, तेव्हा मागचा पडदा कामी येतो. गावच्या मंडपात मागे सहसा रंगीत सॅटिनच्या चुण्या आणि लुकलुकत्या माळा असतात. तिथे पांढरी रेषा बुडून जाते. आयोजकांना आधी भेटा आणि तुमच्या मागे दोन-अडीच मीटर रुंद साधं काळं सुती कापड लावू देण्याची विनंती करा. सॅटिन नको, ते दिव्याचा उजेड परत फेकतं. लुकलुकत्या माळा तेवढ्या दहा मिनिटांसाठी बंद करायला सांगा. नम्रपणे सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

उजेड बाजूने

मंडपात बहुतेक वेळा एक मोठा दिवा समोरून, थेट तोंडावर मारलेला असतो. तोंड उजळतं, दोरा सपाट होतो आणि मागच्या कापडावर सावल्या पडतात. दिवा बाजूला, तुमच्यापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर, किंचित वर घ्या. बाजूने आलेला उजेड सुताच्या तंतूंवर पडतो आणि काळ्या कपड्यापुढे ती रेषा अक्षरशः पेटते. दोन दिवे मिळाले तर दोन्ही बाजूंना एकेक. समोरचा दिवा अगदीच बंद करू नका. चेहरा दिसला नाही तर प्रेक्षक तुमच्याशी जोडले जात नाहीत.

भर दुपारी उघड्या पटांगणावर प्रयोग असेल तर पाठीमागे सूर्य येणार नाही अशी जागा निवडा. सूर्याकडे तोंड करून पाहणाऱ्या मुलांना काही दिसत नाही.

रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहासारख्या किंवा चिपळूणच्या इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्रासारख्या बंदिस्त रंगमंचावर गेलात तर हे सगळं सोपं होतं. प्रकाशयोजना करणाऱ्याला तालमीला बोलवा आणि तुम्ही कुठे उभे राहणार ते खडूने फुली मारून दाखवा. अतिनील दिव्यात चमकणारा दोरा वापरायचा मोह अशाच ठिकाणी करावा, कारण त्याला पुरा अंधार लागतो. साधं कच्चं सूत त्या दिव्यात चमकत नाही. कपडे उजळवणाऱ्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींत तशी रसायनं असतात. अशा पावडरीच्या पाण्यातून काढून वाळवलेलं सूत निळसर पांढरं चमकतं. पण अंधारात तुमची बोटं दिसत नाहीत, आणि बोटं दिसली नाहीत तर लोकांना हातचलाखीचं कौतुक उरत नाही. मी हा मार्ग टाळतो.

गुंडी कशी करावी

जाड दोऱ्याची खरी अडचण इथे आहे. चार पेडी, एक वाव लांबीच्या दोऱ्याची गुंडी चिंचोक्याएवढी राहत नाही, ती फणसाच्या लहान आठळीएवढी होते. ती लपवायला सराव लागतो.

रिळासारखी गोल गुंडाळू नका. गोल गुंडी ओढताना स्वतःभोवती फिरते, पीळ पडतो आणि मधेच अडकते. त्याऐवजी एक टोक पाच-सहा सेंटिमीटर बाहेर ठेवा. बाकीचा दोरा दोन-दोन सेंटिमीटरच्या घड्यांनी पुढे-मागे, पंख्याच्या चुण्यांसारखा दुमडत जा. शेवटी पुन्हा पाच-सहा सेंटिमीटरचं टोक उलट्या बाजूने बाहेर ठेवा. हा जुडगा मधोमध एकदा दुमडून चिमटीत दाबा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. सकाळी तो चपटा, घट्ट बसलेला मिळतो. दोन्ही टोकं ओढली की घड्या एकामागून एक सुटतात, सरळ आणि न अडकता. मेण, डिंक, काहीही लावू नका.

चपटी गुंडी अंगठ्याच्या पेराखाली सपाट बसते. प्रेक्षकाकडे अंगठ्याची पाठ ठेवा. समोरून साठ-सत्तर अंशांपर्यंत ती दिसणार नाही. त्यापलीकडे दिसेल, म्हणून बसण्याची व्यवस्था तुमच्या हातात असली पाहिजे. दशावताराच्या रंगमंचासारख्या, तीन बाजूंनी माणसं बसतात अशा जागी दोन पावलं मागे सरा, म्हणजे बाजूचे लोक समोरच्या कोनात येतात. आणि पहिल्या रांगेतल्या जमिनीवर बसलेल्या पोरांना विसरू नका. ती खालून वर पाहतात, त्यांना तळहाताची खालची कड दिसते. हात छातीच्या उंचीवर ठेवून करंगळीची बाजू किंचित त्यांच्याकडे झुकवा.

खारा वारा आणि दमट हवा

किनाऱ्यावर दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर थंडावते आणि तो उलटा वाहतो. दोन्हींच्या मधे, दिवेलागणीच्या सुमारास, बऱ्याचदा हवा पडलेली असते. कार्यक्रमपत्रिकेत वेळ निवडता आली तर ती घ्या. नाही जमलं तर रंगमंचावरचे स्टँडचे पंखे तेवढ्यापुरते बंद करायला सांगा. दोरा हाताबाहेर लोंबू देऊ नका, तुकडे तोडल्याबरोबर डाव्या चिमटीत घ्या.

दमटपणाचा त्रास वेगळा. ओलं झालेलं सुती सूत कोरड्यापेक्षा जास्त ताकद धरतं. भाद्रपदात, पाऊस कोसळत असताना, घरी सहज तुटणारा दोरा मंडपात हट्टाला पेटतो. म्हणून पावसाळ्यात दोरे घट्ट झाकणाच्या डब्यात, फडक्यात बांधलेल्या भाजलेल्या तांदळांसोबत ठेवा आणि प्रयोगाच्या वेळीच काढा. तळहाताला घाम असेल तर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. घामट चिमटीत गुंडीच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि शेवटचा उलगडा झटक्यांनी होतो.

तुटणं कसं दाखवावं

इथे वेळ द्या, कारण मागच्या रांगेचा निकाल इथेच लागतो.

पहिल्यांदा दोरा पूर्ण पसरून, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर ताणून धरा आणि तीन श्वास तसेच उभे राहा. बोलू नका. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत स्वतःची नजर सावकाश फिरवा. प्रेक्षक तुमच्या नजरेमागे जातात, आणि ज्यांना दोरा अजून सापडला नव्हता त्यांना तो सापडतो. एकदा डोळ्याने ती रेषा पकडली की पुढे सोडत नाही.

तोडताना दोन्ही चिमट्या वीतभर अंतरावर आणा, मधे थोडी ढील ठेवा आणि एका हिसक्यात हात बाहेर न्या. हात तुटल्यावर थांबवू नका, तसेच दोन फूट लांब जाऊ द्या. वीस मीटरवरच्या माणसाला दोरा दिसला नाही तरी हातांची ती झेप दिसते आणि काहीतरी तुटलं हे कळतं. लगेच दोन्ही तुकडे दोन बाजूंना उंच धरा.

मोजणी मुलांकडून करून घ्या. “किती झाले?” असं विचारलं की सगळं पटांगण “दोन!” म्हणून ओरडतं. न दिसणाऱ्यांना पुढच्यांचा आवाज सांगतो की दोन झाले. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापर्यंत मागची रांगही मोजायला लागते. कॉलर माइक असेल तर तो छातीच्या मध्यावर लावा, शांत हवेत सुताचा ‘टच्’ असा आवाज त्यातून ऐकू जातो.

चारही तुकडे डाव्या हातातून लोंबते दाखवल्यावर एखाद्या मुलीला वर बोलवा. तिच्याकडून तुकडे ओढून पाहून घ्या, मोठ्याने “सुटे आहेत” म्हणवून घ्या. तिच्यावर मागच्यांचा जितका विश्वास असतो तितका तुमच्यावर कधीच नसतो. तिला तुमच्या उजवीकडे उभं करा, तोंड प्रेक्षकांकडे. डावीकडे उभी राहिली तर तिला अंगठ्यामागचं दिसेल.

अदलाबदल गोळी चोळताना होते. त्या वेळी हातांकडे पाहू नका, मुलीला नाव विचारा. ती उत्तर देईपर्यंत काम झालेलं असतं. मग तिला गोळीवर फुंकर मारायला सांगा.

उलगडा मात्र हळू. आठ-दहा सेकंद घ्या. डावा हात स्थिर, उजवा हात बाहेर जातोय, आणि गुंडी मधे लहान लहान होत जाते. शेवटी तुम्ही सुरुवातीला जसे उभे होता तसेच, खांद्याच्या उंचीवर हात ताणून. पहिलं आणि शेवटचं चित्र हुबेहूब सारखं असेल तर लांबच्या माणसालाही कथा पूर्ण कळते.

जास्त मोठी रेषा हवी असेल तर दुप्पट लांबीचा दोरा घेऊन दोन मुलांना दोन टोकं धरायला लावता येतात आणि गुंडी मधे तुमच्या चिमटीतून दोन्हीकडे सुटते. फार देखणं दिसतं. पण गुंडीही दुप्पट होते, म्हणून साधा प्रकार हातात पक्का बसल्याशिवाय याला हात लावू नका.

तीनशेच्या पुढे

माझ्या अंदाजाने चार पेडी सूत तीनशेक माणसांपर्यंत पुरतं. त्यापुढे सेंटिमीटरभर रुंदीची क्रेप कागदाची पट्टी घ्या. गणपतीच्या सजावटीच्या दुकानात मिळते, टरकन फाटते आणि आवाजही करते. दोऱ्याची नजाकत तिच्यात नाही, हे मान्य करून घ्या.

पडदा आणि कॅमेरा असेल तर कॅमेरा छातीच्या उंचीवर, बरोबर समोर ठेवा. वरून किंवा बाजूने घेतलेलं चित्र अंगठ्यामागचं सगळं दाखवतं. मोबाइलने चित्र टिपत असाल तर फोकस आणि उजेड आधी तुमच्या छातीवर लॉक करा. बारीक रेषेवर फोकस आपोआप ठरवायला दिला तर तो मागेपुढे होत राहतो आणि नेमक्या क्षणी सगळं धूसर होतं.

गंडा-दोरा नव्हे

कोकणात दोरा म्हटला की अनेकांना देवळातला नाडा, गंडा, मंतरलेला धागा आठवतो. म्हणूनच मी लाल-पिवळा नाडा, जानवं किंवा असं काहीही वापरत नाही. कोणाच्या श्रद्धेच्या वस्तूचे रंगमंचावर तुकडे करू नयेत, आणि ही कला आहे की चमत्कार, याबद्दल कोणाच्या मनात शंका ठेवू नये. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि त्यावर पैसे कमावणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सुरुवातीलाच एक वाक्य सांगा: “हे हातांचं काम आहे, सरावाने येतं.” त्याने गंमत कमी होत नाही. कार्यक्रमानंतर कोणी आजारी माणसासाठी तो जुळलेला दोरा मागायला आलं, तर देऊ नका. शांतपणे समजावून सांगा आणि डॉक्टरकडे पाठवा.

तालीम

आरशासमोरची तालीम या प्रयोगाला पुरत नाही, कारण आरसा दोन हातांवर असतो. मोबाइल वीस-पंचवीस पावलांवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, झूम न करता चित्रीकरण करा आणि आवाज बंद करून पाहा. आवाजाशिवाय दोरा कधी तुटला, किती वेळा तुटला आणि कधी जुळला हे कळलं, तर पुढे जा. मग हा प्रयोग कधीच न पाहिलेल्या एखाद्या माणसाला तिथेच बसवा आणि नंतर काय काय घडलं ते त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. त्याने “तू दोरा तोडलास” याच्या आधी “तू हात हलवलेस” असं म्हटलं, तर उजेड आणि सदरा पुन्हा तपासा.

प्रयोगाच्या दिवशी दोन जोड्या नेहमी तयार ठेवा, एक खिशात, एक डब्यात. तुकड्यांच्या गोळीची विल्हेवाट टाळ्यांच्या वेळी लावा: जुळलेला दोरा उजव्या हाताने मुलीला भेट द्या आणि डावा हात खिशातला रुमाल काढायला जाऊ द्या.